ह्यांच्यासारखं अजून कोण?

गेल्या दिवाळीत बहीण आणि भाची आठ दिवस आमच्याकडे ठाण्याला राहायला होत्या. भाऊबीजेच्या आदल्या दुपारी सगळे जेवून लवंडले होते, तेव्हा मनू फराळाची ताटली घेऊन माझ्या खोलीत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी मिसिसिपी जॉन हर्ट, जुने अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक, लावले होते, अगदी हळू आवाजात, बाहेर कुणाची झोप मोडू नये म्हणून. तिचं तसं लक्ष नव्हतं. मग चकली मोडता मोडता तिचा हात थांबला. "मामा, हे दोघंजण वाजवतायत ना?" म्हटलं, नाही, एकटाच माणूस आहे. "मग खालचं कोण वाजवतंय?" मी उजव्या हाताचा अंगठा मांडीवर आपटून दाखवला, खालचं हा वाजवतो आणि वरचं ही दोन बोटं. तिने गाणं परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. चकली ताटलीत तशीच राहिली. शेवटी म्हणाली, "ह्यांच्यासारखं अजून कोण आहे? नावं सांग ना, मी ऐकते." मला इतका आनंद झाला की एका दमात तीन नावं सांगून टाकली. रॉबर्ट जॉन्सन, सन हाउस, चार्ली पॅटन. तिने ती फोनमध्ये लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ व्हायच्या आधीच, केस पिंजारलेले, ती माझ्या दारात उभी. "मामा, तिघांनाही ऐकलं. भारी आहेत. पण ह्यांच्यासारखं कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही.

पाहुणे गेले, कंदील उतरवला, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. तिघंही अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचे आणि हर्टही मिसिसिपीचे, एवढ्या हिशोबावर मी नावं दिली होती. आता नुसते कान लावून ऐकायला बसलो, तर पोरीचं म्हणणं खरं होतं. चार्ली पॅटन गातात तेव्हा घशात वाळू असल्यासारखं वाटतं. मधेच गिटारच्या लाकडावर थाप पडते, तार ओढून सोडली की ती खाडकन पट्टीवर आपटते. सन हाउस तर बाटलीची मान बोटात घालून तारेवरून असे फिरवतात की तार रडते की ओरडते ते कळत नाही. आणि हर्ट? हर्ट ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसे गातात. कुणाला खून पडल्याची गोष्ट सांगतानाही त्यांचा आवाज चढत नाही. खाली अंगठा चालत असतो, झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतात त्या लयीत, आणि वर दोन बोटं गाण्याची चाल जशीच्या तशी वाजवत असतात. जॉन्सन ऐकतानाही दोन गिटार असल्याचा भास होतो, म्हणून मी त्यांचं नाव पहिलं घेतलं असेन. पण जॉन्सनच्या वाजवण्यात सतत कुणीतरी मागे लागल्याची धास्ती आहे. हर्ट यांना कुठेच जायचं नसतं. मनूने विचारलं होतं अंगठ्याबद्दल आणि मी उत्तर दिलं होतं पत्त्याबद्दल.

ही पत्त्याची सवय मला कशी लागली तेही आठवलं. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज गिटारवादक बडी गाय यांना ऐकलं, तिथून हे सगळं सुरू झालं. तोवर ब्लूज म्हणजे रॉकच्या आधीचं काहीतरी, एवढीच माझी समज. त्या रात्री शेवटच्या लोकलमध्ये बसलो तेव्हा कानात नुसती शीळ वाजत होती आणि छातीत काहीतरी हललेलं. मग मागे मागे जात राहिलो. बडी गाय १९५७ साली लुइझियानाहून शिकागोला गेले, तिथे आधीपासून मडी वॉटर्स होते. मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतल्या मळ्यावरून रेल्वेने शिकागोला आलेले, गोंगाटाच्या बारमध्ये साधी गिटार ऐकू जाईना म्हणून विजेवरची हातात घेतलेले. त्याआधी १९४१ साली लोकगीतं गोळा करत हिंडणारे ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी स्टोव्हॉलच्या मळ्यावर जाऊन त्यांना मुद्रित केलं होतं. ते ध्वनिमुद्रण ऐकलं की मागे सन हाउस स्पष्ट दिसतात. आणि सन हाउस यांच्या शेजारी पॅटन, कारण दोघं एकत्र वाजवत हिंडले. वंशावळ उलगडावी तशी ही साखळी उलगडत गेली. प्रत्येक वेळी मागचं नाव शोधलं की पुढच्यासारखंच काहीतरी हाती लागायचं. एक प्रदेश, एक वाजवणं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी खोलीत अमेरिकेचा नकाशा लावला होता आणि त्यावर पिना टोचायचो. मेम्फिसच्या खाली, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधल्या सपाट काळ्या जमिनीवर, ज्याला डेल्टा म्हणतात, तिथे पिनांची नुसती गर्दी. तो डेल्टा नदीच्या मुखाशी नाही हे कळलं तेव्हा मला काय वाटलं होतं, ते अजून आठवतं. आपल्याला मोठं गुपित सापडलं, असं वाटलं होतं.

हर्ट यांची पिन मी ॲव्हलॉनला टोचली होती. आता नकाशा काढून पुन्हा पाहिला. ॲव्हलॉन डेल्टाच्या अगदी काठावर आहे, जिथे सपाटी संपून टेकड्या चालू होतात. एवढ्याशा वाडीचं नाव जगाला कळलं तेही एका गाण्यामुळे. १९२८ साली हर्ट यांनी आधी मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला जाऊन काही गाणी मुद्रित केली. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ मंदी आली, आणि ते परत शेतीला लागले. न्यूयॉर्कला असताना घरची आठवण येऊन गायलेल्या एका गाण्यात त्यांनी आपल्या गावाचं नाव घेतलं होतं. पस्तीस वर्षांनी, १९६३ साली, टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुण शौकिनाने तेवढ्या एका नावावरून जुन्या नकाशात गाव हुडकलं, तिथे जाऊन चौकशी केली आणि हर्ट यांचं दार ठोठावलं. सत्तरीचा म्हातारा, स्वतःची गिटारही घरात नाही. हॉस्किन्सने आपली पुढे केली. त्याच वर्षी हर्ट न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांपुढे बसून वाजवत होते, जसे घरी वाजवत तसेच. जेमतेम तीन वर्षं मिळाली त्यांना. १९६६ च्या नोव्हेंबरात ते गेले. ही गोष्ट मी कितीही वेळा आठवली तरी घशात काहीतरी दाटतं. पस्तीस वर्षं त्या हातांनी नांगर धरला, आणि अंगठा काही विसरला नाही.

त्या अंगठ्याबद्दल मला थोडं सांगायचं आहे, कारण तो मी माझ्या हाताने शिकायचा प्रयत्न केला आहे. हर्ट अनामिका आणि करंगळी गिटारच्या पोटावर टेकवून ठेवत. हात तिथे नांगरल्यासारखा स्थिर. राहिली तीन बोटं. सी कॉर्ड धरला की अंगठा पाचव्या तारेवर पडतो, मग चौथ्या, मग सहाव्या, परत चौथ्या, आणि हे चक्र गाणं संपेपर्यंत थांबत नाही. एवढं कुणालाही जमतं. अडचण पुढे आहे. वरच्या तारांवर तर्जनी आणि मधलं बोट जी चाल वाजवतात, तिचे काही सूर अंगठ्याबरोबर पडतात आणि काही दोन ठोक्यांच्या बरोबर मधे. बोट मधे पडलं की अंगठा दचकतो. बोटाची वाट बघत थांबतो, नाहीतर त्याच्या मागे धावतो. मी तीन महिने रोज रात्री भांडी घासून झाल्यावर स्वयंपाकघरातच बसायचो, नुसता अंगठा चालू ठेवून बायकोशी गप्पा मारायचा प्रयत्न करायचो. बोलण्यात जरा रंगलो की लय मोडायची. मग एका रात्री ती गॅसचा नंबर लागला का विचारत होती, मी उत्तर दिलं, आणि माझ्या लक्षात आलं की अंगठा चालूच आहे. माझ्याविना. हाताचा तो भाग माझा राहिला नव्हता. ते दहा-बारा सेकंदांचं सुख मला अजून शब्दात नीट सांगता येत नाही.

तो अंगठा घेऊन शोधायचं ठरवलं, आणि पहिल्यांदाच नकाशा बाजूला ठेवला. तर वाट थेट डेल्टा सोडून सातआठशे मैल पूर्वेला गेली, ॲपलेशियन डोंगर आणि अटलांटिकच्या मधल्या पट्ट्यात. पिडमॉन्ट म्हणतात त्याला. त्या वळणाचे ब्लाइंड ब्लेक, ज्यांचा एकच फोटो आपल्याला माहीत आहे आणि गाणी मात्र ऐंशीच्या आसपास, ते गिटारवर पियानोतला रॅगटाइम, म्हणजे उड्या मारत चालणारं नाचाचं संगीत, वाजवत. त्याच पट्ट्यातलं, नॉर्थ कॅरोलायनातलं डरहम हे तंबाखूचं शहर. हंगामात शेतकरी माल विकायला यायचे, खिशात पैसे खुळखुळायचे, आणि गोदामांच्या बाहेर ब्लाइंड बॉय फुलर आणि रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांच्यासारखे अंध वादक उभे राहून वाजवायचे. रस्त्यावरच्या माणसाला दोन मिनिटांत थांबवायचं तर हात लखलखीत पाहिजे, एका गिटारमधून अख्खा बाजा निघाला पाहिजे. मला वाटतं त्या हातांमधली चमक तिथूनच आली. गॅरी डेव्हिस फक्त अंगठा आणि तर्जनी वापरत, दोनच बोटं, आणि ऐकताना तर विश्वास बसत नाही. मी मनूला नाशिकला डेव्हिस यांचं एक वाजवणं पाठवलं. रात्री उत्तर आलं, "हो!! हे त्यातलंच आहे. पण हे फार घाईत आहेत." ब्लेक पाठवले. "हे नाचायला बोलावतायत. ते बसायला सांगतात." मला तिचं बोलणं इतकं आवडलं की ते मी वहीत लिहून ठेवलं.

पण मग नवीन कोडं. हात घडायच्या वयात हर्ट पूर्वेला राहिले नव्हते, डरहमच्या कुणाशी तेव्हा त्यांची गाठ पडल्याचं ऐकिवात नाही. तो अंगठा ॲव्हलॉनला पोचला कसा? काही दिवस मी वयावर उत्तर शोधत होतो. हर्ट यांचा जन्म १८९० च्या दशकातला, गॅरी डेव्हिस १८९६ चे, टेक्सासचे मान्स लिप्सकोम १८९५ चे. ही मंडळी वाजवायला लागली तेव्हा ब्लूज हा शब्दही घट्ट झालेला नव्हता. बॅन्जो होता, रॅगटाइम होता, गावचे नाच होते, चर्चची गाणी होती, आणि माणूस जे ऐकेल ते सगळं गिटारवर उतरवत असे. म्हणजे हा अंगठा प्रदेशाचा नसून काळाचा, ब्लूजच्या आधीचा, सगळीकडे थोडा थोडा शिल्लक राहिलेला. किती छान बसत होतं हे! आणि मग चार्ली पॅटन यांचं जन्मसाल डोळ्यांपुढे आलं. तेही त्याच सुमाराचे. त्याच राज्यातले, त्याच वयाचे, आणि हात मात्र संपूर्ण वेगळा. त्यांची शनिवार रात्र मळ्यावरच्या माणसांनी खचाखच भरलेली, पाय आपटणारी, आणि तिथे हर्ट यांची बारीक विणकाम केल्यासारखी बोटं कुणाला ऐकू गेली असती? यावर कुणी म्हणेल की लिप्सकोमही रात्र रात्र नाचाला वाजवत. खरंय. मी इथेच थांबलो. माणूस आपल्या अंगणात बसून, कुणालाही न विचारता, हाताला गोड लागेल ते शोधत गेला, यापलीकडे माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ते मला पुरतं.

तरी प्रदेश खोटा आहे, असं म्हणायला मन धजत नाही. कारण बेन्टोनिया आहे. मिसिसिपीतलंच, याझू परगण्यातलं, काही शे वस्तीचं गाव. तिथे गिटारच्या तारा अशा जुळवतात की नुसत्या मोकळ्या तारांवर हात फिरवला तरी उदास मायनर वाजतो. स्किप जेम्स त्या गावचे. १९३१ च्या फेब्रुवारीत ते रेल्वेने थेट विस्कॉन्सिनला गेले, ग्राफ्टन गावी, आणि अठरा गाणी मुद्रित करून आले. त्यांना तिथे पाठवणारे एच. सी. स्पीअर यांचं जॅक्सन शहरात दुकान होतं, आणि मुद्रण करणारी पॅरामाउंट ही मुळात खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा. फोनोग्राफची लाकडी कपाटं खपायची तर तबकड्याही हव्यात, एवढा साधा व्यापार. त्या व्यापारातून हा आवाज वाचला. उंच, पातळ, अंगावर काटा आणणारा. मी तो मनूला पाठवू की नको असा दोन दिवस विचार केला, मग पाठवला. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, "हे रात्री नाही ऐकणार." त्याच गावात जॅक ओवन्स नावाचे शेतकरी होते, त्यांचा हात ऐका, जेम्स यांचा सख्खा भाऊ वाटावा. आजही जिमी 'डक' होम्स तिथे आईवडिलांनी १९४८ साली काढलेल्या ब्लू फ्रंट कॅफेत बसून तशीच जुळवणी वाजवतात. म्हणजे एका गावाचा एक सूर असू शकतो. फक्त तो मातीतून उगवत नाही. तो हेन्री स्टकी नावाच्या माणसाकडून आला, जो जेम्स यांनाही दाखवणारा. आणि स्टकी सांगत, की ही जुळवणी त्यांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना बहामाच्या सैनिकांकडून उचलली. बेन्टोनियाचा म्हणून जो सूर मी नकाशावर पिन मारून ठेवला होता, तो बोटीतून आलेला.

आपल्याला हे नवीन नाही. किराणा गाव उत्तर प्रदेशातलं, पण आपल्यापैकी कितीजणांना ते घराणं मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तंबोऱ्याशी भेटलं. तरी तिथे गंडा असतो, गुरूचं नाव सांगता येतं. स्टकी यांचं नाव सांगता येतं, पण हात ऐकता येत नाही. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. हे मला फार लागतं. मी मोठ्या विश्वासाने ज्यांना शैली म्हणत होतो, त्या म्हणजे दुकानदाराने ज्यांना ऐकलं, गाडीभाडं दिलं, ज्यांच्या तबकड्या फुटल्या नाहीत, एवढीच माणसं. ओट्यावर बसलेले बाकीचे सगळे गप्प आहेत. त्यांच्यात कितीजण हर्ट यांच्यासारखे असतील!

दिवाळीला मनू जाताना मी माझी जुनी गिटार तिच्याबरोबर दिली होती. मनू डावखुरी आहे. लहानपणी जेवायला बसली की आजी तिचा डावा हात हळूच मांडीवर ठेवून द्यायची, आणि ती तो तितक्याच हळूच परत काढायची. गिटार देताना मीही आजीसारखंच केलं. म्हटलं, उजव्या हाताने शीक, सगळे तसंच शिकतात, नाहीतर तारा उलट्या लावून घ्याव्या लागतील. जानेवारीत एका रविवारी तिचा निरोप आला. सोबत काळा-पांढरा व्हिडिओ. "मामा, ह्या आजी बघ. मी शोधल्या."

एलिझाबेथ कॉटन. नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्बरो गावच्या. मी त्यांचं नाव ऐकलेलं होतं, आगगाडीचं ते प्रसिद्ध गाणंही, अगदी लहान वयात रचलेलं. पण बघितलं कधी नव्हतं. डावखुऱ्या. लोकांकडे घरकाम करून साठवलेल्या पैशांतून त्यांनी पावणेचार डॉलरची गिटार घेतली, आणि तारा न बदलता सरळ उलटी धरली. मग चर्चमधल्या मंडळींनी असलं वाजवणं बरं नाही म्हटल्यावर सोडून दिली, ती अनेक वर्षं. पुढे वॉशिंग्टनला एका मोठ्या दुकानात कामाला असताना एक हरवलेली छोटी मुलगी त्यांनी आईच्या हाती दिली. ती आई संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. त्यांच्याच घरी कॉटन बाई कामाला लागल्या, आणि भिंतीवरची गिटार एक दिवस खाली काढली. त्या घरच्या माइक सीगर यांनी केलेल्या मुद्रणांची तबकडी १९५८ साली निघाली तेव्हा बाई साठी ओलांडलेल्या. ग्रॅमी मिळालं ते नव्वदी उलटल्यावर. गिटार उलटी असल्यामुळे सगळं उलटं होतं. जाड तारा खाली, त्यांवर बोटं चालतात. आणि अंगठा वर, बारीक तारांवर चाल वाजवतो. मी इतके महिने ज्या अंगठ्याच्या मागे होतो, तो इथे भलतंच काम करत होता, आणि डोळे मिटले तर तोच झोपाळा, तीच कुरकुर, हर्ट यांना जेवढी सवड तेवढीच सवड. मी तो व्हिडिओ पाचसहा वेळा पाहिला. मग खाली मनूची दुसरी ओळ दिसली, जी मी घाईत वाचलीच नव्हती. "माझ्यासारख्या आहेत."

मे महिन्यात ती पुन्हा आली, गिटार घेऊन. तारा मी लावल्या होत्या तशाच, गिटार मात्र उलटी. दुपारी सगळे झोपल्यावर आम्ही खोलीत समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ, पंखा बंद करून, कारण पंख्याच्या आवाजात खालच्या तारा बुडतात. तिची बोटं जाड तारांवर अडखळत होती, परत परत तिथेच. "थांबू नको, चालू ठेव," मी म्हणालो आणि माझा अंगठा तिच्या लयीला लावला. तिने ओठ दातांखाली धरले होते. मी उजवा, ती डावखुरी, आणि आम्ही असे बसलो होतो की दोन्ही गिटारींच्या माना खिडकीकडे.